फोटोखालची नोटीस

मित्रांनो, तुम्ही ज्याच्यावर खडूनं पाढे लिहिता तो फळा मी नव्हे. माझ्यावर कोणी कधी एक अक्षरही लिहिलेलं नाही. माझ्यावर फक्त कागद लावले जातात. धाराशिव जिल्ह्यात कारळवाडी नावाचं एक लहान गाव आहे. त्या गावच्या ग्रामपंचायतीच्या ओसरीवर मी एकतीस वर्षं टांगलेला होतो. मी नोटिसांचा फळा आहे, लाकडाचा, चार फूट रुंद आणि तीन फूट उंच.

त्याआधी मी ट्रकचा फाळका होतो. माल खाली पडू नये म्हणून ट्रकच्या मागं जी जाड फळ्यांची झडप असते ती. कांदा, तूर, साखरेची पोती, सगळ्यांचा भार मी पाठीवर घेतला आणि सोलापूर-हैदराबाद रस्ता इतक्या वेळा पाहिला की खड्डे तोंडपाठ झाले. एकदा नळदुर्गजवळ ट्रक उलटला. ट्रक भंगारात गेला आणि मी वीरप्पा नावाच्या सुताराच्या दुकानात गेलो. त्यानं मला बोटानं वाजवून पाहिलं आणि म्हणाला, "ह्ये लाकूड अजून पन्नास वर्षं मरत न्हाय." मग त्यानं रंधा मारला, चारी बाजूंनी चौकट ठोकली, हिरवा रंग दिला. कारळवाडीचे लोक मला बैलगाडीतून घेऊन आले. मला भिंतीवर चढवल्यावर नारळही फोडला. तेव्हा मला वाटलं होतं, आपण कोणीतरी मोठे आहोत.

काम सोपं होतं. रेशन कधी येणार, लसीकरण कोणत्या दिवशी, ग्रामसभा कोणत्या तारखेला, रोजगार हमीच्या कामावर कोणाची नावं लागली, हे सगळं माझ्यावर असायचं. लोक सकाळी दूध घालून परतताना माझ्यापुढं थांबायचे. मात्र वाचता येणारे थोडे आणि ऐकणारे जास्त.

वाचायची ती कोंडाबाई. तिचं शिक्षण सातवीपर्यंत झालेलं. गायरानात शेळ्या चारायला निघाली की ती आधी माझ्यासमोर यायची, शेळ्या ओसरीखाली थांबवायची आणि नवा कागद मोठ्यानं वाचायची. वरच्या कोपऱ्यातल्या जावक क्रमांकापासून सुरुवात करायची आणि खालच्या शिक्क्यापर्यंत जायची. एक शब्द सोडायची नाही. बायका कंटाळून म्हणायच्या, "अगं, मधलं सांग की, रॉकेल कवा मिळणार?"

तिचा नवरा बब्रुवान. गाव त्यांना तात्या म्हणतं. ते बाजूला उभे राहून हसायचे. "त्या नंबराचं काय घेऊन बसलीस? शेळ्या माझं धोतर खायलेत हितं."

"नंबर वाचल्याबिगर कागद खरा वाटत न्हाय मला," ती म्हणायची. "तुमी धोतर धरा, म्या वाचते."

असे दिवस होते, मित्रांनो. पुढं मोबाईल आले. गावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप निघाला आणि माझ्यासमोर थांबणारी माणसं कमी झाली. रंग उडाला, एका कोपऱ्यात पाल राहायला आली. कोंडाबाईनं मात्र यायचं सोडलं नाही. ऐकायला कोणी नसलं तर ती शेळ्यांना वाचून दाखवायची.

या वैशाखात तिला ताप आला. तीन दिवसांत ती गेली.

तो मंगळवार होता. दुपारी बाराच्या सुमाराला सगळं गाव तिच्यामागं स्मशानात गेलं. आमच्या गावात अशा वेळी घरी कोणी थांबत नाही. ग्रामपंचायतीचा शिपाई धनाजी कुलूप लावून गेला, किराणा दुकान बंद झालं, पिठाची गिरणी बंद झाली. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

त्याच वेळी एक मोटारसायकल आली. तिच्यावर शहरातली दोन माणसं होती. आमच्या गावापासून सहा किलोमीटरवर एक शहर आहे आणि ते वाढतं आहे. त्या दोघांनी कुलूप पाहिलं. एकानं पिशवीतून कागद काढला, डिंक लावला आणि माझ्या बरोबर मध्यावर चिकटवला. दुसऱ्यानं मोबाईलवर माझा फोटो काढला. "झालं," तो म्हणाला. पाच मिनिटांत ते निघून गेले.

कागदावर काय आहे हे मला कळत होतं. इतकी वर्षं ऐकून ऐकून मी तेवढं शिकलो होतो. शहराची हद्द वाढवायची आहे. कारळवाडीची सगळी घरं, शेतं आणि बेचाळीस एकर गायरान शहरात घ्यायचं आहे. ग्रामपंचायत राहणार नाही. कोणाची हरकत असेल तर तीस दिवसांच्या आत लेखी द्यावी. हरकत आली नाही तर कोणाचा विरोध नाही असं समजण्यात येईल.

मी अस्वस्थ झालो. संध्याकाळी स्मशानातून लोक परतले, अंघोळी करून घरात गेले. कोणी माझ्याकडं पाहिलं नाही. वाचणारी गेली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी तात्या आले. त्यांच्याबरोबर धनाजी होता, हातात कणकेच्या खळीचं डबडं होतं. तात्यांच्या हातात एक मोठा रंगीत कागद होता. त्यावर कोंडाबाईचा फोटो होता आणि खाली दहाव्याची आणि तेराव्याची तारीख होती. तिचा एकच फोटो होता, रोजगार हमीच्या जॉब कार्डावरचा. छपाईवाल्यानं तो कार्डावरून उपटून काढताना फाडला होता. त्यामुळं आता ती फक्त या कागदावर होती. तात्यांनी एकच कागद छापून घेतला होता. दुसरा कशाला, गाव एवढंसं तर आहे.

"कुठं लावू?" तात्यांनी विचारलं.

"मधीच लावा. सगळ्यांना दिसंल," धनाजी म्हणाला. मग त्यानं माझ्यावरच्या नोटिशीकडं ओझरतं पाहिलं; त्याला सहीपुरतंच लिहिता-वाचता यायचं. "ह्यो कागद कसला?"

"मला काय दिसतंय, बाबा?" तात्यांचे डोळे सुजलेले होते.

"मतदार यादीचा असंल जुना. लावा वरनं."

मित्रांनो, तेव्हा मला ओरडावंसं वाटलं. पण लाकडाला तोंड नसतं. खळ माझ्या अंगभर पसरली आणि कोंडाबाईच्या चेहऱ्याखाली ती नोटीस नाहीशी झाली.

आमच्या गावाची एक रीत आहे. गेलेल्या माणसाचा फोटो फळ्यावर लागला की महिनाभर त्याला कोणी हात लावत नाही. त्याच्यावर दुसरा कागद चढवत नाहीत. काढायचा तो घरच्या माणसानंच. रीत चांगली आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण त्या रीतीनं नोटिशीचे तीस दिवस मोजून मोजून संपवले.

दहावा झाला, तेरावा झाला. तात्या रोज सकाळी यायचे. आता शेळ्या त्यांच्याकडं होत्या आणि त्या त्यांचं ऐकत नव्हत्या. ते उपरण्यानं फोटोवरची धूळ पुसायचे आणि पायरीवर बसायचे. कधी बोलायचे. "कालवणात मीठ जास्त झालं," असं काहीतरी. कधी नुसतेच बसायचे. त्यांची पाठ माझ्याकडं असायची. मी मनात म्हणायचो, तात्या, आज सोळावा दिवस. तात्या, आज अठरावा.

एकोणिसाव्या दिवशी वाटलं, सुटलो. कोंडाबाईची एक बांडी शेळी ओसरीवर चढली. तिला कणकेचा वास आला असणार. तिनं फोटोचा खालचा कोपरा तोंडात धरला आणि ओढला. कोपरा सुटला. नोटिशीवरचा निळा शिक्का उघडा पडला. शेजारच्या प्रेमाबाई पाणी घेऊन चालल्या होत्या. त्या थांबल्या.

"तात्या, खाली शिक्का हाय बघा कसला तरी."

तात्या धावत आले. त्यांनी शिक्का पाहिलाच नाही. त्यांनी शेळी पाहिली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी शेळीच्या पाठीत काठी घातली. "तिलाच खायला निघालीस व्हय गं? तिनंच वाढवलं ना तुला?" मग घरी जाऊन त्यांनी पुन्हा खळ शिजवून आणली आणि तो कोपरा असा चिकटवला की नखसुद्धा आत जाणार नाही.

तिसावा दिवस आला आणि गेला. त्या दिवशी ग्रामपंचायतीत काहीच झालं नाही. धनाजीनं झाडलोट केली आणि झोपला.

चौतिसाव्या दिवशी गायरानात चार माणसं आली आणि टेप टाकून मोजायला लागली. प्रेमाबाई तिथं शेण गोळा करत होत्या. त्यांनी विचारलं, "कशाची मोजणी, बाबांनो?" एकानं सांगितलं, "कचरा डेपोची, मावशी. आता हे शहराचं आहे." प्रेमाबाईंनी पाटी तिथंच टाकली आणि गावात पळत आल्या.

अर्ध्या तासात ओसरी भरली. सरपंच सोनाली पुढं होती. वयानं लहान, पण गाव तिला ताई म्हणतं. तिनं शहरात फोन लावला. बोलता बोलता तिचा चेहरा उतरला.

"ते म्हणायलेत, महिन्यापूर्वीच नोटीस लावली. एकबी हरकत आली न्हाय. म्हणजे गावाची संमती हाय."

"कुणाची संमती?" प्रेमाबाई कडाडल्या. "मला कुणी इचारलं? माझ्या म्हशीनं चरायचं कुठं, कचऱ्यात?"

"काकू, म्हशीचं राहू द्या," इंद्रजित म्हणाला. तो तात्यांच्या भावकीतला, तिशीचा. शहरात नोकरीला जातो. "गावात राहून काय मिळालं आपल्याला? उन्हाळा आला की टँकर. माझी बायको बाळंतीण व्हायची होती तवा रस्ता न्हाय म्हणून बाजेवर घालून नेली. शहरात गेलं तर नळ यील, रस्ता यील. वाईट काय हाय?"

"नळ यील तवा यील. घरपट्टी उद्या यील!"

"आन् रोजगार हमी बंद हुईल," धनाजी म्हणाला. "शहरात ती योजना नसती."

"तुमाला कायम खड्डेच खणायचेत का?"

"अरे, तू बस हापिसातल्या एसीत. खड्डं खणणाऱ्याला हसतो व्हय रे?"

सगळे एकदम बोलायला लागले. सोनालीनं माझ्यावर हाताची थाप मारली. "गप बसा! जायाचं का न्हाय जायाचं, त्ये मागनं भांडू. आपल्याला इचारलं का, एवढंच आधी बघायचंय. ते म्हणतात नोटीस ह्याच फळ्यावर लावली. फोटोबी पाठवलाय."

तिनं मोबाईल पुढं केला. त्यात मी होतो. माझी चौकट, कोपऱ्यातली पाल आणि मध्यावर तो पांढरा कागद. तिनं मोबाईल माझ्याजवळ धरला. सगळ्यांनी एकदा मोबाईलकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. ज्या जागी मोबाईलमध्ये नोटीस होती, बरोबर त्याच जागी कोंडाबाई होती.

धनाजीनं मान खाली घातली. फोटोला हात लावायला कोणी पुढं आलं नाही, सरपंचही नाही.

तात्या उठले. त्यांनी ओलं फडकं मागितलं. खालच्या बाजूनं कागद भिजवत भिजवत त्यांनी तो सोडवायला घेतला. खळ चांगली होती, ती सुटता सुटेना. पाऊण तास लागला. कोंडाबाईच्या हनुवटीपर्यंत कागद सुटला आणि त्याखाली नोटीस दिसली, शिक्का, तारीख, सगळं. वरचा भाग त्यांनी तसाच राहू दिला. तो फाटला असता.

"चार दिस झाले मुदत सरून," सोनाली हळूच म्हणाली.

"वा!" इंद्रजितच्या तोंडून निघून गेलं. "म्हणजे तात्यांनीच गाव शहराला दिलं."

प्रेमाबाईंनी त्याच्याकडं असं पाहिलं की तो दोन पावलं मागं सरला. पण तात्या म्हणाले, "खरं बोलतोय त्यो. चूक माझीच हाय. आता मलाच कचेरीत जायला पायजे."

त्या रात्री कोणी जेवलं की नाही मला माहीत नाही. दुसऱ्या दिवसापासून अर्ज लिहिणं सुरू झालं. दोनशे सतरा सह्या आणि अंगठे झाले. सगळ्यात शेवटी इंद्रजित आला. त्यानं सही केली आणि म्हणाला, "मला शहरात जायचंच हाय. पण मला न इचारता न्हाय." मग त्यानंच टेम्पो आणला. एकतीस वर्षांनी माझे खिळे निघाले. मला चादरीत गुंडाळून, अर्धवट सुटलेल्या फोटोसकट, शहरातल्या मोठ्या कचेरीत नेलं.

तिथं एक अधिकारी बाई होत्या. त्यांनी अर्ज वाचला, मग मला पाहिलं. फोटोचा खालचा भाग उचलून नोटीस पाहिली.

"मुदत संपून दहा दिवस झालेत, बाबा."

"व्हय, मॅडम. म्याच झाकली नोटीस. तसं लेखी देतो. पण तुमची माणसं आली त्या दिवशी आमच्या गावात एकबी दार उघडं नव्हतं. हिला न्यायला समदं गाव गेलं होतं. तुमच्या माणसांनी कुलूप बघितलं, कागद लावला, फोटो काढला न गेली. स्मशान हाकेच्या अंतरावर हाय. एक हाक मारली असती तर कुणीतरी आलं असतं."

बाजूचा कारकून म्हणाला, "नियमात हाक मारायचं लिहिलेलं नाही."

"नियमात नसंल, साहेब. गावात हाय."

बाई म्हणाल्या, "एक खरं सांगा, बाबा. तुम्हांला वेळेत कळलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता?"

तात्यांनी मागं उभ्या असलेल्या इंद्रजितकडं पाहिलं. "कोण जाणं, मॅडम. ह्यो इंद्रजित व्हय म्हणला असता. प्रेमाबाई न्हाय म्हणली असती. आमी महिनाभर भांडलो असतो, आन् मग काय ते ठरवलं असतं. तुमी आमाला भांडूबी दिलं न्हाय."

बाईंनी अर्ज ठेवून घेतला. त्यावर शिक्का मारला. पण त्या म्हणाल्या, "हा फळा पुरावा म्हणून लागेल. जसा आहे तसा इथं ठेवावा लागेल. फोटोसकट."

मला वाटलं, आता तात्या नाही म्हणतील. सोनाली जवळ येऊन म्हणाली, "तात्या, कोंडाकाकूंचा फोटो मोबाईलवर काढून घेऊ का आपण?"

"मोबाईलातल्या फोटोनंच घात केलाय, पोरी," तात्या म्हणाले. पण मग स्वतःच म्हणाले, "काढ. पण नीट काढ."

नंतर ते माझ्यासमोर आले. त्यांनी उपरण्यानं फोटोवरची धूळ पुसली. ते कारकुनाकडं वळले. "साहेब, हिच्यावर दुसरा कागद तेवढा लावू नका. आमी तसंच केलं, बघा काय झालं." आणि ते गेले.

तेव्हापासून मी इथं आहे, फायलींच्या खोलीत. चार महिने झाले. निकाल लागलेला नाही. गायरानातली मोजणी थांबली आहे, पण मोजणीचे खुंट तिथंच रोवलेले आहेत. कारळवाडी अजून गाव आहे का शहर झाली, हे मलाही सांगता येत नाही. तात्या दर सोमवारी येतात, "काय झालं?" विचारतात आणि "फाईल वर गेलीय" हे उत्तर ऐकून परत जातात. बाहेर पावलं वाजली की मी कान देतो.

परवा एक नवा कारकून आला. त्याच्या हातात कसलं तरी परिपत्रक होतं आणि डिंकाची बाटली. भिंतीवर जागा नव्हती म्हणून तो माझ्यासमोर उभा राहिला. कोंडाबाईकडं पाहून त्यानं विचारलं, "ह्या कोण?"

जुन्या कारकुनानं मान वर न करता सांगितलं, "त्या कारळवाडीच्या. त्यांची हरकत आहे."

नव्या कारकुनानं परिपत्रक दाराला लावलं.

मित्रांनो, मी लाकूड आहे. माझ्यावर काय लावायचं हे मला कोणी विचारलं नाही आणि मी गप्प राहिलो, कारण मला बोलता येत नाही. माणसं गप्प असतात त्याची कारणं वेगळी असतात. कोणी रडत असतं, कोणी स्मशानात असतं, कोणाला कळलेलंच नसतं. तुम्ही उद्या मोठे व्हाल, तुमच्यातलं कोणी सरपंच होईल, कोणी साहेब होईल. कोणाचं घर, कोणाचं रान घ्यायची वेळ आली तर कागद लावून परत फिरू नका. दार वाजवा. आतून कोणी आलं नाही तर थोडं थांबा. आणि ते नाही म्हणाले, तर ते ऐकून घ्या.